रोगाचं कुठं म्युझियम असतं का?

मागच्या आठवड्यात कुष्ठरुग्ण शोध मोहिमेवाले आमच्या गावात आले होते. आशा ताई आणि सोबत एक पोरगा, घरोघरी फिरून अंगावर कुठं चट्टा आहे का ते बघत होते, बायकांना ताई बघणार आणि माणसांना तो पोरगा. आमच्या काकूने त्यांना दारातच सांगून टाकलं, "आमच्या घरी तसलं काही नाही बाप्पा, पुढं जा." ताई जुन्या आहेत, त्यांनी पाणी मागितलं आणि ओट्यावर बसूनच घेतलं. पाणी देता देता काकूच्या हातावरचा डाग बघून झाला, तो साधा गजकर्णाचा निघाला, आणि काकूचा चेहरा असा झाला जसं काही कोर्टातून सुटून आली.

संध्याकाळी पानठेल्यावर तोच विषय. एक जण म्हणे हा रोग तर संपला, सरकारनेच सांगितलं होतं, मग आता हे काय शोधून राहिले? माझा भाचा नागपूरला नर्सिंग करतो, तो म्हणाला मामा, या रोगाची म्युझियमं आहेत, मुंबईत वडाळ्याला आहे, नॉर्वेत आहे, जपानमध्ये आहे. त्यावर ठेलेवाला म्हणतो, "काऊन बे, रोगाचं कुठं म्युझियम असते का? मंग हगवणीचंबी करा ना एक." सगळे हसले, मीबी हसलो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना, हगवणीचं म्युझियम खरंच नाही आणि याचं आहे, तर का आहे? चार-पाच रात्री वाचत बसलो, त्यातलं जमेल तसं सांगतो.

आधी रोग, मग म्युझियम

कुष्ठरोग हा जंतूने होणारा आजार आहे. टीबीचा जंतू आणि हा जंतू एकाच खानदानातले. पाप नाही, मागच्या जन्माचं देणं नाही, आणि कोड तर अजिबातच नाही, कोडाचे पांढरे डाग हा पूर्ण वेगळा विषय आहे, त्यात जंतूच नसतो. जुन्या ग्रंथांत "कुष्ठ" या एका शब्दाखाली कातडीचे भरपूर आजार घातलेले आहेत, त्यामुळे आपला घोळ जुनाच आहे. गावात रगतपिती म्हणतात, महारोग म्हणतात, सगळं हेच.

जंतू सापडला १८७३ साली. नॉर्वेत बर्गेन नावाचं शहर आहे, तिथल्या गेरहार्ड हॅन्सन या डॉक्टरने तो शोधला, म्हणून जगात याला हॅन्सनचा आजार पण म्हणतात. त्याच्याआधी तिथले मोठमोठे डॉक्टर म्हणायचे हा बापाकडून पोराकडे जातो. त्यांची पण पूर्ण चूक म्हणता येत नाही, कारण हा जंतू कमालीचा आळशी आहे. रात्री विरजण लावलं की सकाळी दही तयार, कारण दह्याचे जंतू तासाभरात दुप्पट होतात. कुष्ठाचा जंतू एकाचे दोन व्हायला १२ ते १४ दिवस घेतो. म्हणून शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत साधारण ५ वर्षं जातात, कधीकधी २० पण. आता ५ वर्षांपूर्वी आपल्याजवळ कोण खोकलं होतं हे कोण सांगणार? मग माणूस घराण्यात शोधतो, नशिबात शोधतो, भानामतीत शोधतो.

आणि गंमत म्हणजे आजपर्यंत कोणालाच हा जंतू प्रयोगशाळेत बशीमध्ये वाढवता आलेला नाही. उंदराच्या तळपायात वाढतो, आणि आर्माडिलो नावाच्या अमेरिकेतल्या प्राण्यात वाढतो, आपल्या खवल्या मांजराची आठवण होईल असा तो दिसतो. दोन्हीकडे कारण एकच, या जंतूला थंड जागा लागते. म्हणूनच माणसातही तो कानाची पाळी, नाक, हातपाय असा कडेकडेनेच राहतो.

शिवल्याने होतो का?

एकदा शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एसटीत बाजूला बसल्याने नाही होत. उपचार न घेतलेल्या पेशंटसोबत महिनोन्महिने जवळ राहिलं तर नाकातोंडातून उडणाऱ्या थेंबांतून जंतू जाऊ शकतो. पण गेला तरी १०० पैकी ९५ च्या वर लोकांना काहीच होत नाही, त्यांचं शरीर त्याला परस्पर निपटवतं. धुऱ्यावर, खडकावर, वावरात सगळीकडे बी सांडलं तरी उगवतं मोजक्या जागी, तसं समजा. आणि औषध चालू झालं की थोड्याच दिवसांत पेशंटकडून दुसऱ्याला होणं बंद होतं. ज्याच्याकडे गोळ्यांचं पाकीट आहे त्याला भ्यायचं कारणच नाही, पण आपण नेमकं त्यालाच भितो, कारण पाकीट दिसतं.

मग बोटं झडतात ती?

इथं माझा स्वतःचा गैरसमज होता. मला वाटायचं जंतू बोटं खातो. तसं नाही. जंतू नसांमध्ये घुसतो आणि नस खराब करतो. वावरातली मोटर चांगली आहे, विहिरीत पाणी आहे, पण मधली वायर उंदराने कुरतडली, तर मोटर चालेल का? तसं बोट चांगलंच असतं, बोटाची वायर गेलेली असते. मग दोन गोष्टी होतात. बोट वाकडं होतं कारण स्नायूला हुकूमच पोचत नाही, आणि दुखणं बंद होतं.

दुखणं बंद झालं की बरंच झालं असं वाटेल. चुलीवरचा गंज उचलताना हात का मागे येतो? चटका लागतो म्हणून. ज्याला चटका कळत नाही त्याचा हात भाजून निघतो, पऱ्हाटी उपटताना हाताला फोड आला तरी तो उपटतच राहतो, पायात काटा मोडला तर आठ दिवस त्याच्यावरच चालतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड झिजतं, बोट आखडत आखडत आत जातं. पॉल ब्रँड नावाचे सर्जन वेल्लोरला होते, त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी हे नीट लावून धरलं. पेशंटची बोटं रातोरात कमी कशी होतात हे बघताना एक कारण सापडलं ते उंदीर. झोपेत उंदीर कुरतडायचे आणि माणसाला जागच यायची नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आशा ताई चट्टा बघून थांबत नाहीत. डोळे मिटायला लावतात, पेनाच्या टोकाने हलकंच टोचतात आणि म्हणतात कुठं शिवलं ते बोटाने दाखवा. फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथं बधिरपणा, ही खूण. खाज येत असेल, काकूसारखी, तर बहुतेक दुसरं काही. गंमत बघा, जिथं खाजवावंसं वाटतं तिथं आपण डॉक्टरकडे पळतो, आणि जो चट्टा काहीच त्रास देत नाही तो वर्षानुवर्षं अंगावर काढतो.

एवढाच जंतू होता, तर माणसं कोंडली कशाला?

खरी म्युझियमची गोष्ट इथून चालू होते.

हवाईमध्ये मोलोकाई बेटावर पेशंट नेऊन टाकायचे, तिथं फादर डेमियन म्हणून एक धर्मगुरू त्यांच्यात राहिले, त्यांना हा रोग झाला आणि १८८९ मध्ये ते वारले. बातमी जगभर गेली आणि गोरे लोक घाबरले, हा रोग आपल्याला पण होतो तर! इंग्रजांनी हिंदुस्थानात एक कमिशन पाठवलं, १८९०-९१ मध्ये ते फिरलं, तपासलं, आणि निष्कर्ष काढला की हा संसर्ग फार किरकोळ आहे. म्हणजे चौकशी नीट झाली होती. तरी १८९८ मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट आलाच. रस्त्यावरच्या गरीब पेशंटला पोलिसांनी वॉरंटशिवाय उचलायचं आणि आश्रमात टाकायचं, असा तो कायदा. पेशंटने विकायला अन्न करायचं नाही, सार्वजनिक विहिरीचं पाणी घ्यायचं नाही, टांगा हाकायचा नाही. उचलायचं कलम फक्त गरिबाला हां, बंगल्यात राहणाऱ्याला तो कायदा हात लावत नव्हता. जंतूला गरीब-श्रीमंत कळत नाही, कायद्याला कळलं.

आणि हा कायदा केंद्राने रद्द केला कधी, तर २०१६ मध्ये. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता यायचा, ते कलम गेलं २०१९ मध्ये. रोग पूर्ण बरा करणारं औषध मात्र १९८० च्या दशकातच गावोगाव पोचायला लागलं होतं. या दोन तारखांमधलं जे अंतर आहे ना, त्यासाठी म्युझियम लागतं. हगवण झालेल्या माणसाला कोणी गावाबाहेर काढलं नाही, त्याचं नाव बदललं नाही, त्याच्यासाठी वेगळा कायदा केला नाही.

मग तिथं बघायला असतं काय?

बर्गेनचं म्युझियम म्हणजे जुनं सेंट यॉर्गन हॉस्पिटलच आहे, पेशंट राहायचे त्या बारक्या बारक्या खोल्या तशाच ठेवल्या आहेत. हे हॉस्पिटल पंधराव्या शतकापासूनचं आणि तिथले शेवटचे पेशंट वारले १९४६ मध्ये. बर्गेनची कागदपत्रं इतकी जपलेली आहेत की २००१ मध्ये युनेस्कोने त्यांना जगाच्या ठेव्यात घेतलं. १८५६ पासून नॉर्वेने पेशंटची देशभराची नोंदवही ठेवली, एका रोगाची देशव्यापी नोंदवही ही जगात पहिलीच. हॅन्सन हा तिथला हिरो, पण त्याचं दुसरं पान पण आहे. जंतू लागतो हे सिद्ध करायला त्याने एका बाईला न विचारता तिच्या डोळ्यात रोगाचा अंश टोचला, कोर्टात केस झाली आणि १८८० मध्ये त्याची हॉस्पिटलमधली नोकरी गेली. मला हे बरं वाटलं, म्हणजे त्या काळातही कोर्टाने पेशंटचं ऐकलं.

अमेरिकेत लुइझियानात कारविल म्हणून ठिकाण आहे, आता तिथं म्युझियम आहे. १८९४ मध्ये पहिले ७ पेशंट रात्रीच्या वेळी नदीतून पडावात आणले, गुरं आणावी तसे. तिथं आलं की बरेच जण नाव बदलायचे, घरच्यांची बदनामी नको म्हणून. त्यांची पत्रं आधी निर्जंतुक करायचे आणि मगच बाहेर जाऊ द्यायचे. फिलिपिन्समध्ये कुलिऑन बेटावर तर पेशंटसाठी वेगळी नाणीच पाडली होती, म्हणजे त्यांच्या हातचा पैसा बाजारात यायला नको. विचार करा, नाणं! पाच पैशाचं नाणं वाळीत टाकलं होतं.

टोकियोजवळचं म्युझियम १९९३ चं, ते एका अशाच जुन्या वसाहतीला लागून आहे. पळून जाऊ नये म्हणून त्या वसाहतीभोवती काटेरी झाडांचं उंच कुंपण होतं. आतल्या पेशंटनी माती वाहून एक टेकाड बनवलं, त्याच्यावर चढलं की कुंपणापलीकडे आपल्या गावाच्या दिशेने बघता यायचं. जपानने कोंडण्याचा कायदा १९९६ मध्ये मागे घेतला आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या कोर्टाने सांगितलं की सरकारचं चुकलं. तोवर खूप जणांचं अख्खं आयुष्य आतच गेलं होतं, बाहेर जायला घरच उरलं नव्हतं.

मुंबईचं वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ हॉस्पिटल १८९० मध्ये अ‍ॅक्वर्थ नावाच्या म्युनिसिपल कमिशनरने चालू केलं, रस्त्यावरच्या पेशंटना ठेवायला. भाचा सांगत होता ते म्युझियम इथलंच.

बाटली, गोळी आणि बोंडअळी

औषधाचा इतिहास मला सगळ्यात रंगीत वाटला. हजार वर्षं एकच आशा होती, ती म्हणजे तेल. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचं तेल सांगितलंय, आपल्या कोकण-सह्याद्रीकडे त्याला कडू कवठ म्हणतात, त्याच कुळातलं चालमोगरा. तेल प्यायलं की ओकारी, आणि सुई दिली तर ते कातडीखाली गोळा होऊन बसायचं. १९१५ च्या सुमाराला हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल नावाच्या २३ वर्षांच्या काळ्या मुलीने ते तेल सुईतून नीट देता येईल असं करून दाखवलं. १९१६ मध्ये ती वारली, आणि तिच्या कॉलेजच्या प्रमुखाने ते काम स्वतःच्या नावावर छापलं. तिचं नाव लोकांना कळायला पुढची काही दशकं लागली.

१९४१ मध्ये कारविललाच प्रोमिन नावाच्या इंजेक्शनने पहिल्यांदा पेशंट खरोखर सुधारले. मग आली डॅप्सोन, स्वस्त गोळी, आणि सगळ्यांना वाटलं झालं, संपलं. पण एकाच गोळीवर भरवसा ठेवला की काय होतं हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. बीटी कपाशी आली, बोंडअळी गेली, आपण निवांत झालो, आणि मग गुलाबी अळीला सवय झाली. डॅप्सोनचं तेच झालं, साठच्या दशकात जंतू तिला जुमानेना. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की एक नाही, दोन-तीन औषधं एकदम द्या. यालाच एमडीटी म्हणतात, बहुविध औषधोपचार. एका औषधातून सुटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. आपल्या देशात एमडीटी ज्या जिल्ह्यांत सर्वात आधी आली त्यात वर्धा होता, ही आपल्याकडे फार कोणाला माहीत नसलेली गोष्ट. चट्टे कमी असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२, फुकट. गोळीने लघवी लाल होते, कातडी काळवंडते, त्याला भिऊन लोक मधेच सोडतात, पण कातडीचा रंग नंतर हळूहळू परत येतो. गेलेली नस मात्र बहुतेक परत येत नाही, म्हणून लवकर जायचं.

संपला म्हणे ना? मग हा इतिहासच झाला

ठेल्यावरचा हा मुद्दा खरा होता, अर्धा. २००५ च्या डिसेंबरमध्ये देशाने निर्मूलन झालं असं जाहीर केलं. पण त्या निर्मूलनाचा अर्थ होता १०,००० लोकांमागे १ पेक्षा कमी पेशंट औषधावर असणे. शून्य नाही. आपण निर्मूलन म्हटलं की मुळासकट उपटलं असं समजतो, सरकारी कागदावर त्याचा अर्थ तण गुडघ्याच्या खाली आलं एवढाच होता.

अजून एक बारकी गोष्ट आहे. मोजायचे ते औषध चालू असलेले पेशंट. नव्वदच्या दशकात जास्त चट्टेवाल्यांचा कोर्स २४ महिन्यांवरून १२ वर आणला. आता बँकेत रोज तेवढीच माणसं येतात पण प्रत्येकाचं काम अर्ध्या वेळात होतं, तर रांग अर्धी दिसणार ना? माणसं कमी नाही झाली, रांग कमी झाली. औषधाने रोग कमी झाला हे खरंच आहे, पण आकडा जेवढा झपाट्याने पडला तेवढा रोग पडला नव्हता. आणि पडलेला आकडा बघून लक्ष पण कमी झालं. आजही जगात दरवर्षी जे नवीन पेशंट सापडतात त्यातले निम्म्याहून जास्त भारतात असतात, लाखाच्या वर. आणि आपलं चंद्रपूर-गडचिरोली त्यात मागे नाही. म्हणून ताई ओट्यावर येऊन बसतात.

फोटो लावले म्हणजे परत बदनामीच ना?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. जुन्या डॉक्टरी पुस्तकांत पेशंटचे उघडे फोटो आहेत, चेहरा पूर्ण, नाव नाही. त्यांना विचारलंच नसेल. असा फोटो मोठा करून भिंतीवर लावला तर ती दुसऱ्यांदा झालेली जबरदस्ती आहे, आणि त्यांची नातवंडं आज कुठंतरी लग्नाची बोलणी करत असतील. म्हणून माझ्या मते वाकडे हात दाखवायचे तर त्या हातांनी केलेलं काम सोबत ठेवा, नाहीतर नका दाखवू. त्यापेक्षा चपला ठेवा. बधिर पायासाठी मऊ रबराची चप्पल बनवतात, तिच्यात खिळा ठोकत नाहीत, चिकटवतात किंवा शिवतात, कारण खिळा वर आला तर घालणाऱ्याला कळणारच नाही. ती एक चप्पल पाहिली की अख्खा रोग समजतो आणि कोणाची अब्रू पण जात नाही.

आणि "जुन्या वस्तूंतून जंतू आले तर?" असं पण एकाने विचारलं. पन्नास-शंभर वर्षांच्या पत्रात किंवा पलंगात हा जंतू जिवंत राहत नाही. धूळ जास्त त्रास देईल.

आपल्याकडं आनंदवन आहे की

आहे ना. पण आनंदवन जिवंत गाव आहे, तिथं लोक राहतात, कामं करतात, त्यांना म्युझियमसारखं बघायला जाणं बरं नाही. आणि विदर्भातली गोष्ट एकट्या आनंदवनाची पण नाही. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम काढलं, तेव्हा या कामात बहुतेक मिशनरीच होते. परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत होते, रोग झाल्यावर १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. आश्रमातही कुजबुज झालीच, पण गांधीजींनी आपल्या कुटीच्या जवळच त्यांना झोपडी दिली आणि स्वतः मालिश केली. ती परचुरे कुटी अजून उभी आहे, शाळेच्या सहली तिच्यासमोरून धावत पुढे जातात. १९४६ मध्ये अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन. मग बाबा आमटे, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचा कोर्स करून आले आणि वरोऱ्याच्या बाहेरच्या खडकाळ जमिनीवर ६ पेशंट घेऊन बसले. सुरुवातीला आनंदवनची भाजी वरोऱ्याच्या बाजारात लोक घेत नव्हते, हे आमचे आजोबा सांगायचे आणि न घेणाऱ्यांत आपण होतो हे पण सांगायचे. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं, त्यांनी उलटं केलं, पेशंटला आश्रमात आणण्यापेक्षा गावोगाव जाऊन शोधायचं, समजवायचं आणि घरीच औषध द्यायचं. आज ताई जे करतात ते तेच आहे.

वर्धा, वरोरा, अमरावती, दीडेकशे किलोमीटरच्या पट्ट्यात एवढं सगळं झालं. या विषयाचं मोठं म्युझियम निघायचं तर ते इथं निघायला पाहिजे असं मला वाटतं, आणि त्यात फक्त संस्थांच्या वस्तू नकोत, आपल्या घरच्या पण पाहिजेत.

आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात जर्मनचा एक ग्लास होता. आजोबांच्या वेळी बोटं आखडलेला एक म्हातारा सालाने गुरं राखायला होता, त्याचा तो ग्लास, चहा वरून ओतायचा, ग्लासला शिवायचं नाही. तो म्हातारा मी लहान असतानाच गेला, त्याचं नाव काय होतं हे आता घरात कोणालाच आठवत नाही, परवा काकूलाही विचारलं. ग्लास अजून तिथंच आहे, मी त्यात बंडीच्या चाकाचं वंगण ठेवतो.